शकुंतलेच्या वाटेने दारव्ह्यापर्यंत

वर्ध्याहून निघालेली एसटी देवळी मागे टाकून वर्धा नदी ओलांडते आणि यवतमाळ जिल्हा सुरू होतो. नोव्हेंबरचा शेवट होता. दोन्ही बाजूंना काळी जमीन, त्यात फुटलेला कापूस, मधल्या ओळींत पिवळ्या फुलांवर आलेली तूर. कमरेला ओटी बांधलेल्या बाया वाकून कापूस वेचत होत्या. कळंब आले तेव्हा शेजारी बसलेल्या गृहस्थांनी खिडकीतून बोट दाखवले. "ही नवी लाईन. वर्ध्यापासून इथवर आली. आता यवतमाळ, मग पुढे नांदेड." वर्धा–यवतमाळ–नांदेड हा सुमारे 284 किलोमीटरचा मार्ग. त्यातला वर्धा ते कळंब हा पहिला तुकडा फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाला. गृहस्थ साठीच्या पुढचे असावेत. थोडे थांबून ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "पण आमची शकुंतला ती शकुंतलाच."

पुढचे तीन दिवस हेच वाक्य आम्ही वेगवेगळ्या तोंडून ऐकत राहिलो.

वाचकांपैकी अनेकांना शकुंतला ठाऊक असेल. तरुणांसाठी थोडक्यात सांगतो. यवतमाळहून दारव्हा, कारंजामार्गे मूर्तिजापूर आणि तेथून पुढे अचलपूर अशी ही छोटी रेल्वे. दोन रुळांमधले अंतर जेमतेम अडीच फूट. यवतमाळ ते मूर्तिजापूर 113 किलोमीटर आणि मूर्तिजापूर ते अचलपूर 76. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात किलिक निक्सन या इंग्रज कंपनीच्या मालकीखाली ती उभी राहिली ती कापसासाठी. वऱ्हाडातला कापूस छोट्या गाडीने मूर्तिजापूरला जायचा, तिथून मोठ्या गाडीने मुंबईला आणि मुंबईहून जहाजाने मँचेस्टरच्या गिरण्यांना. गंमत अशी की शकुंतला ओढणारे वाफेचे इंजिनही मँचेस्टरचेच, 1921 साली बांधलेले. आपला कापूस तिकडे गेला आणि इंजिन तिकडून आले. देशातल्या रेल्वे सरकारच्या झाल्या, तरी या रुळांची मालकी कितीतरी वर्षे त्या खासगी कंपनीकडेच राहिली. 15 एप्रिल 1994 रोजी वाफेचे इंजिन निवृत्त झाले आणि डिझेल आले. पुढे गाड्या कमी होत गेल्या. यवतमाळच्या बाजूची प्रवासी गाडी तर आता कित्येक वर्षे बंदच आहे. ब्रॉडगेजची मागणी चालू आहे, घोषणाही होत असतात. रुळांवर मात्र गवत वाढते आहे.

आम्ही काही रेल्वे पाहायला निघालो नव्हतो. आमचे खालूजान दारव्ह्याला असतात. वय पंच्याऐंशीच्या आसपास. जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत त्यांनी तीस वर्षे मुलांना शिकवले. खालाजानना अल्लाहकडे जाऊन नऊ वर्षे झाली. गेल्या दोन वर्षांत खालूंचे विसरणे वाढले, असे फोनवर कळत होते. सकाळी काय खाल्ले ते आठवत नाही. नातवांची नावे एकमेकांना लागतात. आणि रोज असरच्या सुमारास टोपी घालून, काठी घेऊन ते स्टेशनकडे निघतात. दोनदा शोधून आणावे लागले. तेव्हापासून थोरल्या मुलाने फाटकाला कुलूप लावले. "एकदा येऊन भेटून जा, आपा," असे त्याने कळवले, तेव्हा आम्ही दोघांनी पिशव्या भरल्या.

यवतमाळ गाव उंचावर आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर. उन्हाळ्यात भाजणाऱ्या या मुलखात नोव्हेंबरची सकाळ मात्र शाल मागते. खालाजानचे माहेर याच गावचे, म्हणून दारव्ह्याची बस पकडण्याआधी आम्ही जुन्या स्टेशनावर गेलो. एके काळी जिथे कापसाच्या गाठी उतरायच्या तिथे बाभळी आणि टणटणी माजली होती. रूळ कुठे दिसत, कुठे मातीत बुडत. एक शेळी रुळांमधले गवत खात होती. चहाच्या टपरीवरच्या म्हाताऱ्या बाबांना आम्ही शकुंतलेबद्दल विचारले मात्र, त्यांनी आमच्या कपात न मागता आणखी चहा ओतला आणि बोलायला सुरुवात केली. गाडी इतकी हळू चालायची की पोरे उतरून बोरे तोडत आणि पळत येऊन पुन्हा चढत. शेवटच्या काळात गार्डच तिकिटे द्यायचा, गार्डच फाटक लावायचा. ओळखीची म्हातारी लांबून येताना दिसली तर गाडी थांबायची. "तिला माणसं कळायची," बाबा म्हणाले. ते गाडीबद्दल बोलत होते, पण सूर घरच्या माणसाबद्दलचा होता.

यवतमाळ ते दारव्हा चाळीसेक किलोमीटर. लाडखेड मागे पडले. बस रस्त्याने धावत होती आणि शकुंतलेचा जुना मार्ग शेतांच्या पलीकडे कुठेतरी सोबत येत असणार, या कल्पनेने आम्ही तिकडे पाहत राहिलो. या जिल्ह्याचे नाव गेली पंचवीस वर्षे बाहेर पोहोचते ते शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांतून. जानेवारी 2019 मध्ये यवतमाळला 92वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा त्याचे उद्घाटन याच जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या विधवेने केले होते. त्या वेळी आमच्या मनात आलेला विचार बसमध्ये पुन्हा आला. अशा बाईला आपण कर्ज किती होते ते विचारतो, मदत मिळाली का ते विचारतो. नवरा कसा हसायचा, हे कोणी विचारत नाही. माणूस गेला की त्याच्याबद्दलचे प्रेमही दफन झाले असे आपण धरून चालतो. म्हाताऱ्यांच्या बाबतीत तर आणखीच. साठ वर्षे संसार केलेल्या माणसाला जोडीदाराची आठवण येणे हे आपल्या घरांमध्ये थोडे लाजिरवाणे, थोडे हसण्यासारखे मानले जाते.

दारव्ह्याला पोहोचलो तेव्हा जुहरची नमाज झाली होती. खालू ओसरीवर तख्तावर बसले होते. सलाम केला, त्यांनी डोक्यावर हात ठेवला, दुआ दिली. ओळखले की नाही ते कळेना. सुनेने ज्वारीच्या भाकरी, दालचा आणि हिरव्या मिरचीचा ठेचा वाढला. खालू व्यवस्थित जेवले. हात धुताना त्यांनी सहज विचारले, "तुमच्या खाला आल्या नाहीत सोबत?"

मुलगा पटकन म्हणाला, "अब्बा, अम्मींना जाऊन नऊ वर्षे झाली. कितीदा सांगायचं?"

खालूंचा चेहरा आम्ही पाहिला. ती बातमी त्यांना त्या क्षणी पहिल्यांदा कळली होती. ओठ हलले, "इन्ना लिल्लाहि" म्हणाले, आणि ते भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. अर्ध्या तासाने उठले तेव्हा ते दुःखही विसरले होते. संध्याकाळी तोच प्रश्न पुन्हा आला.

रात्री मुलगा आमच्याजवळ येऊन बसला. वाईट मुलगा नाही तो. बापाला अंघोळ घालतो, औषधे वेळेवर देतो, रात्री दोनदा उठून पाहतो. त्याचा प्रश्न खरा होता. "आपा, दिवसातून चारदा मी त्यांना अम्मीच्या मौतीची खबर देतो. मलाही बरं वाटतं का? पण येतील म्हणून सांगू? खोटं कसं बोलू बापाशी?"

आमच्याकडे तयार उत्तर नव्हते. ते उत्तर दुसऱ्या दिवशी त्याच घरात, त्याच्याच बायकोकडे सापडले.

सकाळी मुलगा दुकानावर गेला होता. खालूंनी विचारले, "तुझी सासू कुठं आहे गं? गाडी आली का?" सून भाजी निवडत होती. तिने मान वर केली आणि म्हणाली, "अब्बा, तुम्ही अम्मींना पहिल्यांदा गाडीतून आणलं तेव्हा कोळशाचा कण कोणत्या डोळ्यात गेला होता त्यांच्या?"

खालू हसले. "डाव्या."

आणि मग त्यांनी सगळे सांगितले. सालही अचूक सांगितले, 1962. निकाह यवतमाळला झाला. वरातीत अकरा माणसे. परतताना नवरी खिडकीशी बसली होती, कारण तिला शेते पाहायची होती. इंजिनाचा धूर आत येत होता आणि लाडखेडच्या अलीकडे तिच्या डोळ्यात कोळशाचा कण गेला. डोळा लाल झाला, पाणी वाहू लागले. डब्यात बुजुर्ग मंडळी. कोणी काही करेना. शेवटी खालूंच्या अम्मीच म्हणाल्या, "अरे, बघत काय बसलास? रुमाल घे." त्यांनी रुमालाचे टोक वळवून कण काढला. "तोवर मी तिचा चेहरा नीट पाहिलाही नव्हता," खालू म्हणाले. "ती म्हणाली, शुक्रिया. मी म्हणालो, जपून. एवढंच बोललो आम्ही. दोन-अडीच तासांच्या वाटेत एवढंच." दारव्ह्याला फाटकावर तिकीट घ्यायला त्या दिवशी कोणी नव्हते. जाड पुठ्ठ्याची ती दोन तिकिटे खालाजाननी पानदानात ठेवली, ती अजून तिथेच आहेत. सुनेने पानदान आणून दिले. खालूंनी तिकिटे तळहातावर घेतली, अंगठ्याने पुसली, परत ठेवली. नंतर तासभर त्यांनी कोणालाही काही विचारले नाही. ते प्रसन्न होते.

सून आम्हाला म्हणाली, "मी त्यांना खोटं काहीच सांगत नाही, आपा. अम्मी आल्या असंही नाही, येतील असंही नाही. मी फक्त विचारते. त्यांना अम्मी हव्या असतात. आठवणीत तरी भेटतात."

एका खेड्यात वाढलेल्या, दहावीपर्यंत शिकलेल्या या मुलीने जे ओळखले ते डॉक्टरही सांगतात. विस्मृतीच्या आजारात बहुधा ताज्या गोष्टी आधी जातात, जुन्या सर्वांत शेवटी. म्हणून सकाळचा नाश्ता आठवत नाही आणि साठ वर्षांपूर्वीचा कोळशाचा कण आठवतो. जगात आज 5 कोटींहून अधिक माणसे अशा विस्मृतीसह जगत आहेत. अशा माणसाशी प्रत्येक चुकीवर वाद घालू नये, त्याला जे आठवते त्याचा हात धरून चालावे, असा सल्ला दिला जातो. आपल्याकडे मात्र "साठी बुद्धी नाठी" म्हणून विषय संपवण्याची सवय आहे. याचा अर्थ डॉक्टरकडे नेऊ नये असा नाही. काही वेळा विसरण्यामागे थायरॉईड, बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता किंवा मनाची उदासी असते आणि उपचाराने फरक पडतो. तपासणी करावीच. खिशात नाव, पत्ता आणि फोन नंबरची चिठ्ठी ठेवावी. पण औषध दिले म्हणजे आपले काम संपले, असे मात्र नाही.

त्या दुपारी आम्हाला सूरह यूसुफची आठवण झाली. हजरत याकूब (अ.) वृद्ध झाले होते. यूसुफ हरवल्याला कितीतरी वर्षे लोटली होती. तरी ते त्यांचेच नाव घेत आणि रडून रडून त्यांचे डोळे पांढरे झाले. मुलांना कंटाळा आला. तुम्ही त्याची आठवण काढणे सोडणारच नाही, स्वतःला संपवूनच राहाल, असे ती म्हणाली. याकूब (अ.) म्हणाले की आपले दुःख ते फक्त अल्लाहपाशी मांडत आहेत. आणि जेव्हा यूसुफचा सदरा घेऊन काफिला निघाला, तेव्हा दूर घरी बसलेल्या म्हाताऱ्या बापाला त्याचा सुगंध आला. घरचे म्हणाले, तुमचा जुना भ्रम गेला नाही अजून. पण भ्रमात तो बाप नव्हता. विचार करण्यासारखी गोष्ट ही, की अल्लाहने त्या आठवणीबद्दल याकूबना कुठेही दोष दिलेला नाही. चुकली ती कंटाळलेली मुले.

प्रेषित मुहम्मद (स.) यांचे उदाहरण तर आपल्या सर्वांना ठाऊक आहे. हजरत खदीजा (र.) यांच्या निधनानंतर कित्येक वर्षांनीही घरात बकरा कापला की त्यांच्या मैत्रिणींकडे गोश्त आवर्जून पाठवले जाई. बद्रच्या लढाईनंतर कैद्यांच्या सुटकेसाठी खंडणी येऊ लागली. कन्या जैनब (र.) यांनी आपल्या पतीसाठी एक हार पाठवला. तो हार खदीजा (र.) यांनी मुलीला लग्नात दिलेला होता. हार पाहताच प्रेषितांचे मन भरून आले. त्यांनी साथीदारांना विचारले, तुमची संमती असेल तर कैदी सोडावा आणि हारही परत करावा. साथीदारांनी तसे केले. आठवण येणे ही कमजोरी असती, तर सीरतच्या पुस्तकांनी हा प्रसंग इतक्या आदराने जपून ठेवला नसता.

आणि ज्या गाडीचे नाव घेत आम्ही हिंडत होतो, त्या नावाची कथाही अशीच. कालिदासाच्या नाटकात राजा दुष्यंत शापामुळे शकुंतलेला विसरतो. माशाच्या पोटातून अंगठी सापडते आणि सगळे आठवते. कुठे सदरा, कुठे हार, कुठे अंगठी. दारव्ह्याच्या घरात पुठ्ठ्याची दोन तिकिटे. माणसाची आठवण बहुधा अशा छोट्या वस्तूत राहते, आणि आपण घर आवरताना नेमक्या त्याच वस्तू भंगारात देतो.

तिसऱ्या दिवशी असरनंतर खालू टोपी घालून फाटकाशी उभे राहिले. मुलगा घरी होता. आम्ही म्हटले, "आज कुलूप काढ. आपण सगळेच जाऊ." तो जरा थांबला, मग किल्ली आणली.

दारव्हा मोतीबाग स्टेशन आता नुसते नावाचे उरले आहे. सर्वत्र कुसळी गवत, चालताना कपड्यांना चिकटणारे. खालूंनी काठीने गवत बाजूला केले आणि रूळ शोधून काढला. त्यावर काठी टेकवून ते बराच वेळ उभे राहिले. मग एका दगडावर बसले. मुलगा त्यांच्या शेजारी जमिनीवरच बसला. कोणी काही बोलत नव्हते. लांबून कापसाने भरलेल्या ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

"गाडी बंद झाली का रे?" खालूंनी विचारले.

"हो, अब्बा. बरीच वर्षे झाली."

"मग ती येणार कशी?"

मुलाने आमच्याकडे पाहिले. या वेळी त्याने अम्मींच्या मौतीची खबर दिली नाही. थोड्या वेळाने खालू स्वतःच म्हणाले, "तिला नाही येता येणार. मलाच जावं लागेल." आवाजात दुःख नव्हते. बदलीचा हुकूम आल्यावर मास्तर घरी जसे सांगतात, तसे ते सांगत होते.

मुलाच्या डोळ्यांतून पाणी आले. त्याने बापाचा हात हातात घेतला आणि विचारले, "अब्बा, अम्मींच्या डोळ्यात कण गेला होता ना? कोणत्या डोळ्यात?"

"उजव्या," खालू म्हणाले.

आम्हा कोणालाही त्यांची चूक दुरुस्त करावीशी वाटली नाही. खालूंनी पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली आणि मुलगा ते पहिल्यांदा ऐकत असल्यासारखा ऐकत राहिला. कदाचित तो खरोखरच पहिल्यांदा ऐकत होता.

परतीच्या वाटेवर आम्ही आर्णीमार्गे आलो. अरुणावती नदीकाठचे हे गाव हजरत बाबा कंबलपोष यांच्या दर्ग्यासाठी प्रसिद्ध आहे. उरुसाला इथे सर्व धर्मांची माणसे येतात. खालू एकदा या उरुसातून खालाजानसाठी हिरव्या काचेच्या बांगड्या घेऊन आले होते, असे सुनेने सांगितले होते. बाजारातून आम्ही तशाच बांगड्या घेतल्या, सुनेला पाठवण्यासाठी. त्या घरात आठवणींची राखण आता ती करते आहे.

वाचकहो, आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी असे एखादे अब्बा, एखादी नानी, एखादी बडी अम्मा असते. ते तीच तीच गोष्ट सांगतात आणि आपण "हो, ऐकलंय" म्हणून उठतो. आई-वडील म्हातारे झाले तर त्यांना साधे "उफ्" देखील म्हणू नये, अशी कुरआनची ताकीद आहे. "कितीदा सांगायचं?" हाही एक उफ् आहे, हे आम्हाला दारव्ह्यात कळले. दीर्घ आयुष्य मिळालेला माणूस जाणते झाल्यानंतर पुन्हा अजाण होऊ शकतो, हेही कुरआनच सांगते. म्हणजे ही वेळ आपल्यावरही येऊ शकते. त्या वेळी आपल्याला कोण विचारेल, कोणत्या डोळ्यात कण गेला होता?

म्हणून आज रात्री जेवण झाल्यावर दहा मिनिटे काढा. निकाह कसा झाला ते विचारा. वरात कशाने गेली, पहिले शब्द कोणते बोललात, ते विचारा. मुलांना वहीत उतरवून घ्यायला सांगा. पेटीतली, पानदानातली ती जुनी चिठ्ठी, ते तिकीट फेकण्याआधी एकदा त्यांच्या तळहातावर ठेवून पाहा. शकुंतला पुन्हा रुळांवर येईल की नाही, ते सरकारच्या हाती आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला त्याच्या माणसापर्यंत थोडा वेळ पोहोचवणे मात्र आपल्या हाती आहे.

अल्लाह आपल्या सर्व बुजुर्गांना आफियत देवो, आपल्याला त्यांचे ऐकण्याची सबुरी देवो आणि जे जोडीदार या दुनियेत एकमेकांपासून दुरावले त्यांची जन्नतमध्ये भेट घडवो. आमीन.